आकडे नसलेलं घड्याळ

आमच्या येळ्ळुरात साखरपुड्याला होणाऱ्या जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधतात. ते सोनेरी आणि ताटलीएवढं नसेल तर लोक नाकं मुरडतात. माझ्या वडिलांना, भावकू आप्पांना, असल्या चकचकाटाची शिसारी. शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यात जन्म गेला, पण अंगावर कधी भडक काही घातलं नाही. माझ्या साखरपुड्यासाठी त्यांनी परवडणारंच, पण पातळ, पांढऱ्या तबकडीचं, काळ्या पट्ट्याचं घड्याळ दुपारभर फिरून निवडलं.

नवऱ्या मुलाच्या आत्यानं ते मेलेलं झुरळ उचलावं तसं दोन बोटांत धरलं. "ह्यात आकडंबी न्हाईत की! असलं कोण देतंय?"

नवरा मुलगाही खिदळला. मला त्याची किळस आली.

आप्पांनी घड्याळ परत घेतलं, माझ्याच मनगटाला बांधलं आणि म्हणाले, "पूर्णिमा, बघ गं, पाव्हण्यांची जायची वेळ झालीया."