दोन तुकड्यांची काठी

डोंबिवलीत गच्चीवर उभं राहून हिमालयातला मासा पकडण्याचा सराव करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा सासरा निघाला. स्थळ बघायला गेलो तेव्हा ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मुलगा निर्व्यसनी आहे, पाणी दोन वेळा येतं आणि सासरे एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेत, एवढंच कळलं होतं. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मी बहिणीकडे गेलो, तर तिचे सासरे, म्हणजे आमचे काका, गच्चीवर नऊ फुटी काठी मागेपुढे हलवत होते आणि तिची दोरी पाण्याच्या टाकीवरून लांबलचक वेटोळी घेत चालली होती. दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. "बरे आलात," ते म्हणाले. मी त्यांच्या मुलाहून लहान, पण सुनेच्या माहेरचा म्हणून त्यांनी मला कायम अहो-जाहोच केलं. "काठी घड्याळातल्या दहाच्या आकड्यापासून दोनच्या आकड्यापर्यंतच हलली पाहिजे. पलीकडे गेली की मला सांगा." मी तासभर उन्हात उभा राहून सांगत होतो. खाली बहिणीने केलेले पोहे गार होऊन गेले.

या प्रकरणाची सुरुवात ऐन तिशीत झाली होती. कारखान्याने काकांना मशिनं बसवायला सहा महिने कुलूकडे पाठवलं. तिथल्या एका इंजिनिअरने त्यांना ही विद्या शिकवली. यात गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला ती खरी वाटावी. काकांनी त्या सहा महिन्यांत एक ट्राउट पकडला. इतरांनी पकडलेले मासे दरवर्षी थोडे थोडे वाढतात. काकांचा मासा मात्र तीस वर्षं अकरा इंचांचाच राहिला, कारण ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला माप वाढवून सांगणं जमत नाही. तो त्यांनी लगेच पाण्यात सोडूनही दिला. घर शुद्ध शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा शेजाऱ्यांकडे जाऊन खावा लागे.

माश्या ते घरीच बांधत. त्यासाठी शेजारच्या चाळीतल्या कोंबड्यांची पिसं, कावळ्यांची पिसं, एकदा माझ्या बहिणीच्या रुखवतातला हिरवा रेशमी गोंडा. एका रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग टीव्हीसमोर हात जोडून बसलेली असताना काकांची दोरी बिल्डिंगच्या सामाईक अँटेनात अडकली आणि सतरा घरांतला देव एकदम मुंग्यांत दिसेनासा झाला. लोक गच्चीवर धावले, तर काका शांतपणे म्हणाले, "हलवू नका, माशी नाजूक आहे." सोसायटीने त्यावर ठराव केला. काकांनी तो ठराव स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून नोटीसबोर्डावर लावला आणि पुढच्या रविवारपासून तोंड फक्त पूर्वेला करून सराव सुरू ठेवला.

त्या इंजिनिअरने दिलेली जुनी बांबूची काठी दोन तुकड्यांची होती. तिचा वरचा तुकडा माझ्या बहिणीने, नवी नवरी, बाल्कनीतल्या उंच दोरीवर कपडे वाळत घालायला घेतला. तिची काय चूक? आमच्या माहेरी दाराआड उभी केलेली काठी त्याच कामाची असते. साड्यांपर्यंत काठीने सोसलं, ओल्या सोलापुरी चादरीने तिचा कणा मोडला. बहीण रडू लागली. काका दोन्ही भाग हातात घेऊन म्हणाले, "चादरीचं वजन बघता पुष्कळ टिकली म्हणायची."

मग इंग्लंडातल्या धाकट्या मुलाचं पत्र आलं. येताना नवी काठी आणतो, पण दोन तुकड्यांची हवी की चार, ते कळवा. झालं! पुढचे दीड महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. काकांनी आलेख-कागदावर तक्ता केला. दोन तुकड्यांच्या काठीला एकच सांधा, वाकताना ती सलग वाकते. पण सुटी केली तरी प्रत्येक तुकडा साडेचार फुटांचा. चार तुकड्यांची सव्वादोन फुटांत आटपते, बॅगेत मावते, पण सांधे तीन. कागदावर निकाल लागेना, तेव्हा त्यांनी त्या दोन मापांचे प्लास्टिकचे पाइप कापून आणले आणि प्रात्यक्षिकं सुरू केली. पाइप धरायला मी. लांब पाइप रिक्षातून बाहेर डोकावत होता, तर सिग्नलला एका भाजीवालीने त्याला पिशवी अडकवली. टिटवाळ्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, पडद्याचा रॉड उभा धरा की!" काका ताठ होऊन म्हणाले, "मासेमारीचा आहे." त्याबरोबर शेजारच्या बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेल्या. आडवा ठेवायला मला जागा झाली.

शेवटी आम्ही रेतीबंदरावर गेलो. तिथे एक म्हातारे कोळी जाळं विणत बसलेले असत. काकांचं आणि त्यांचं जुनं सख्य. काकांनी तक्ता उलगडून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "ते सांदं-बिंदं ऱ्हाऊ द्या. तुमाला जावाचं कुठं हाय ते सांगा पयले. हितंच बसाचं आसंल तं लांब काठी घ्या. दूरदेशी जावाचं आसंल तं बारकी."

काकांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर मला एकदम लाज वाटली. दीड महिना मी पाइप धरून हसत होतो आणि प्रश्न काठीचा नाहीच, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून काका एक रात्रही घराबाहेर राहिले नव्हते. माश्या बांधणाऱ्या त्याच बोटांनी ते रोज सकाळी काकूंची वेणी घालत, आणि सून कितीही मायेची असली तरी औषधाचा चमचा तिच्या हाती देत नसत. कुलूची ती नदी पुन्हा एकदा बघायची, हे मात्र ते येता-जाता बोलत. चार तुकड्यांची काठी मागवणं म्हणजे जायचं आहे म्हणणं. दोन तुकड्यांची म्हणजे आता ते राहिलंच, हे मान्य करणं.

घरी काकू एका हाताने मेथी निवडत बसल्या होत्या. कोळीबाबा काय म्हणाले ते मी सांगितलं. काकूंची जीभ थोडी जड झाली होती, शब्द सावकाश येत. "मग चार तुकड्यांचीच मागवा," त्या म्हणाल्या. "आत्ता नाही जमणार. पण मी गेल्यावर तुम्हाला कोण अडवतंय? तेव्हा जा. बॅगेत मावायला नको का?"

यात रुसवा नव्हता, रडणं नव्हतं. भाजीत मीठ बेताचं घाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या. काका उठले, परदेशी पत्राचा निळा कागद घेतला, उभ्या उभ्याच लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. 'चि. बाळास आशीर्वाद. काठी दोन तुकड्यांचीच आणणे. चार तुकड्यांची आणू नये.' मग चष्मा काढत मला म्हणाले, "तांत्रिक कारण आहे. सांधे वाढले की काठीची ताकद मधेच अडते." हल्लीच्या काठ्यांत तसा काही फरक कळत नाही, असं मुलाने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे काका." काकू मेथीकडे बघत राहिल्या, आणि बराच वेळ त्यांनी एकच काडी हातात धरली होती.

काठी आली. तिला घेऊन काका रविवारी टिटवाळ्याला काळू नदीवर जात, बोटभर चंदेरी मासे पकडून सोडून देत, आणि काकूंच्या चारच्या औषधाला घरी पोचायचं म्हणून दोनलाच दोरी गुंडाळायला घेत. मासे उसळून वर येत असले तरी दोन म्हणजे दोन. काकू त्यानंतर सहा वर्षं होत्या.

त्या गेल्यावर माझ्या मेव्हण्यांनी कुलूला घेऊन जातो म्हणून पुष्कळ आग्रह केला. काका "बघू" म्हणत राहिले. एका रविवारी मीच त्यांना ओढून टिटवाळ्याला नेलं. दुपारी दोनला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते दोरी गुंडाळू लागले. मला राहवलं नाही. "काका, आता कसली घाई?" मी म्हटलं. ते चमकले. "हो, खरंच की," असं म्हणून काठावरच्या दगडावर बसले. दोरी गुंडाळायची मात्र थांबले नाहीत.