हितचिंतकाची वेलांटी

सिनेमा सोलापुरात लागून आठवडा झाला होता. छोट्या गावातल्या, दहावीतल्या मैत्रिणींची गोष्ट होती. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या बाकीच्या बाई म्हणत होत्या, तू सांगोल्याची, तुला आवडेलच. रविवारी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. असले सिनेमे बघताना नवऱ्याला झोप लागते.

मध्यंतरापर्यंत मी हसत होते. नंतर पडद्यावरच्या एका मुलीनं वहीचं पान फाडलं, पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं, ‘मुलीला दर अमावस्येला आकडी येते. चौकशी करावी.’ खाली ‘हितचींतक’ असं लिहून दीर्घ वेलांटी खोडली आणि ऱ्हस्व केली.

ते पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हातानं, याच शब्दांत, खोडलेल्या वेलांटीसकट.

आम्हीही तिघी होतो. एकीची आई घरी ब्लाउज शिवायची. दुसरीच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, आणि चुलत्याचं मिळून भुसार मालाचं दुकान होतं. घरात कानडी बोलायचे, गेलं की तिची आई ‘बा, कूड’ म्हणून बसवून घ्यायची. माझे वडील आमच्याच शाळेत शिक्षक. दहावीच्या परीक्षेला दोन महिने राहिले असताना दुकानवाल्यांच्या या मुलीला अक्कलकोटचं स्थळ आलं. परीक्षा झाली की साखरपुडा, अठरा पूर्ण झाली की लग्न, आणि तोवर घरात बसायचं. तिनं हे आम्हाला क्लासच्या बाहेर सायकलचं कुलूप काढता काढता सांगितलं. ती रडली नाही. संतापलो आम्ही दोघी. मुलाकडच्यांचं अक्कलकोटात भांड्यांचं दुकान होतं, तेवढा पत्ता पुरला. मजकूर ब्लाउजवाल्या काकूंच्या मुलीनं सांगितला, लिहिला मी. सोलापूरला मावशीकडे गेले तेव्हा स्टेशनजवळच्या पेटीत पत्र टाकलं. पंधरा दिवसांत स्थळ मोडलं. कुणाला काही सांगायचं नाही, अगदी तिलासुद्धा नाही, अशी शपथ आम्ही दोघींनी घेतली.

म्हणजे पत्राची माहिती दोघींनाच. मी बोलले नव्हते. ब्लाउजवाल्या काकूंची मुलगी पुण्यात मालिका-सिनेमांचे कपडे करत होती. चित्रपट संपून शेवटची नावं सुरू व्हायच्या आत मी उठले आणि गाडीपाशी जाऊन तिला फोन लावला.

“तो नवीन सिनेमा पाहिलास?”

“कुठला? न्हाय अजून. का गं?”

“आपलं पत्र आहे त्यात.”

ती म्हणाली, “कुठलं पत्र?”

हे तिचंच काम आहे, असं मी त्या दोन शब्दांवरून ठरवून टाकलं. असं पत्र कुणी विसरत नसतं.

संध्याकाळी तिचे इन्स्टाग्रामवरचे फोटो एकेक करून मागे गेले. कुणाच्या तरी वाढदिवसात या सिनेमातल्या नटीच्या मागे ती उभी दिसली, हातात कागदी प्लेट. नवऱ्याला पहिल्यांदाच पत्राचं सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “अशी पत्रं गावोगाव लिहितात लोक.” मी म्हटलं, “आणि वेलांटीही गावोगाव चुकते का?” मग मला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. आठवीत वर्गातली खिडकी कुणी फोडली हे मॅडमना कुणी सांगितलं होतं? सहलीत माझी चिठ्ठी वडिलांपर्यंत कशी गेली? तेव्हा मनातही न आलेल्या सगळ्या गोष्टींवर आता तिचंच नाव दिसायला लागलं. दोन दिवसांनी मी तिला मेसेज केला, ‘मैत्रिणीची गोष्ट विकून मोठी झालीस.’ तिनं मला ब्लॉक केलं. माझ्या दृष्टीनं ती कबुलीच होती.

आता भीती होती ती जिचं स्थळ मोडलं तिची. ती सोलापुरातच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, दोन-तीन महिन्यांनी आमची भेट होते. तिनं सिनेमा पाहिला असेल का, काही ओळखलं असेल का, हे काढून घ्यायला मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे गेले. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि तिनंच विचारलं, “सिनेमा बघितलास?”

“बघितला. तुला कसा वाटला?”

“मी दोनदा गेले. शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव हाय की. तू थांबली न्हाईस वाटतं.”

भाकरी माझ्या हातातच राहिली. ती सांगत गेली. सिनेमाची लेखिका दीड महिना सोलापुरात राहून लिहीत होती. आजारी पडली, रक्त द्यायला लॅबमध्ये येत राहिली, ओळख वाढली. शाळेतलं काहीतरी सांग म्हणाली, तेव्हा हिनं हे सांगितलं.

“पण तुला पत्राचं...”

“अक्कलकोटच्या लोकांनी पत्र आणून अप्पांच्या हातात ठेवलं होतं. मी बघितलं. हितचिंतकची वेलांटी तू निबंधात कायम चुकवायचीस, मॅडम लाल गोल करायच्या. आन् उजव्या हातानं इतकं घाण कोण लिहितंय?”

अकरा वर्षं तिला माहीत होतं.

“तुला वाचवायचं होतं आम्हाला,” मी म्हणाले.

“व्हय. पण विचारलं कुटं मला? लग्न मला नकोच होतं. पण आकडीची पोरगी पण व्हायचं नव्हतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “आई चार वर्षं दर अमावस्येला माझ्या तोंडाकडं बघत बसायची. जेवताना चमचा पडला तरी दचकायची.”

मग तिनं चुलत्याचं सांगितलं. त्याला ते स्थळ बायकोच्या भाचीसाठी हवं होतं, म्हणून पत्र त्यानंच लिहिलं असं तिच्या वडिलांनी धरलं. दुकानाच्या मधोमध भिंत घातली. दोन्ही भाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. ती भिंत मी कितीदा पाहिली होती. भावाभावांत वाटण्या होतातच, असं वाटायचं.

“तू अप्पांना सांगितलं का नाहीस?”

“तुझ्या वडिलांची नोकरी त्याच शाळेत. पहिल्यांदा तुमच्यासाठी भीती वाटली, मग तुमचा राग आला. मग लई दिवस गेले. परक्या बाईला सांगणं सोपं गेलं.”

मी अप्पांना सांगू का, असं विचारलं. डबा झाकत ती म्हणाली, “तुझं तू बघ.”

शनिवारी मी सांगोल्याला गेले. अप्पा दुकानात एकटेच होते. मला ओळखून त्यांनी चहा मागवला. चहा येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं, नाहीतर सांगणं झालं नसतं. ते ऐकत राहिले. शेवटी भिंतीकडे बोट करून म्हणाले, “धाकट्यानं पाठवलं व्हय तुला?”

“नाही अप्पा. मीच लिहिलं होतं.”

“अकरा वर्षांनी आठवलं?”

मी त्यांच्याकडे कागद मागितला आणि डाव्या हातानं ती दोन वाक्यं पुन्हा लिहिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. मूळ पत्र त्यांनी कधीच जाळून टाकलं होतं, त्यामुळे पडताळायला काही नव्हतं. घडी घालून त्यांनी कागद खिशात ठेवला. “चहा घे,” म्हणाले. त्यांचा विश्वास बसला की नाही हे मला आजही माहीत नाही. मैत्रीण सांगते, ते अजून भावाकडे गेलेले नाहीत. पण आईला एकदा म्हणाले, पोरगी खोटं कशाला बोलेल?

पुण्याच्या मैत्रिणीला मी दुसऱ्या नंबरवरून माफीचा मेसेज पाठवला. महिनाभरानं उत्तर आलं. त्या रविवारी मी फोन केला तेव्हा ती शूटिंगच्या जागी होती, शेजारी चार माणसं होती, म्हणून तिनं ‘कुठलं पत्र’ असं विचारलं होतं. खिडकीचा आणि चिठ्ठीचा संशय मी तिला कधी सांगितला नाही. आता आम्ही बोलतो. फक्त फोन उचलल्यावर ती आधी विचारते, “स्पीकरवर नाही ना?”