साकुरा-सोलच्या दारातलं मीठ

मारिकिनातल्या आमच्या गल्लीत 'मी भुतांना भीत नाही' असं सांगणारा माणूस खोटारडा समजावा. पण अते पेर्लाइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ही 'साकुरा-सोल' खानावळीची मालकीण, सगळ्या गल्लीची अते म्हणजे ताई. तरुणपणी ओसाकात भांडी घासली, मग सोलजवळच्या एका कारखान्याच्या खानावळीत कोबी चिरला, आणि परत आली ती दोन देशांचे पदार्थ आणि दोन देशांची भीती सोबत घेऊन. तिचं रामेन खाऊन जपानी माणूस रडेल आणि किमची खाऊन कोरियन माणूस भांडायला उठेल, कारण दोन्हींत ती साखर घालते. आम्हाला मात्र ते तसंच लागतं.

मयताहून थेट घरी जायचं नसतं, मेलेला मागोमाग येतो. म्हणून वाटेत कुठं तरी टेकायचं, दोन घास खायचे, त्याला तिथंच झटकायचं आणि मग घर गाठायचं. याला आम्ही पाग्पाग म्हणतो. दफनभूमीच्या वाटेवर धड बसण्यासारखी जागा म्हणजे साकुरा-सोल. त्यामुळं गल्लीतले सगळे मेलेले आम्ही वर्षानुवर्षं पेर्लाकडेच सोडून आलो. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, तिची काही तक्रार नव्हती.

मग तिची लेक जोनालिन गरोदर राहिली. जावई बोटीवर, लेक दुकानाच्या माडीवर. आधी दोनदा तिचं पोट पडलेलं. दोन्ही वेळा खाली कुणाची ना कुणाची पाग्पागची पंगत बसली होती, हे पेर्लाच्या डोक्यातून जाईना. ओसाकात मयताहून आलेल्यावर मीठ टाकतात, कोरियात नको त्या पाहुण्यावर. पेर्लानं दोन्ही रिवाज एकत्र केले. मिठाचं पातेलं घेऊन दारात बसायची आणि येणाऱ्याला विचारायची, "कुठून आलास?"

अशात आमचा लोलो इस्को, अख्ख्या गल्लीचा आजोबा, गेला. म्हातारा ट्रायसिकलवाल्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी रिक्षावाल्यांचा म्होरक्या, आणि साकुरा-सोलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीचा कायमचा धनी. सगळ्या ट्रायसिकली त्याला पोचवायला गेल्या, आणि तिथून परस्पर त्याच्या घरी प्यायला. मला साकुरा-सोलला आणली ती शववाहिकेचा ड्रायव्हर कुया, म्हणजे दादा, नेस्तोर यानं. म्हणाला, "किमची-भात खाल्ल्याशिवाय मी काही घरी जात नाही."

"कुठून आलास?" पेर्लानं विचारलं.

"मासळीबाजारातून."

"आणि ही भवानी?"

मी छताकडे पाहिलं. "मी याच्याबरोबर."

भात समोर आला. मी पहिला घास उचलला आणि पेर्लाचा चेहरा पांढराफटक पडला. ती खिडकीबाहेर बघत होती. त्या गाढवानं शववाहिका ऐन खिडकीसमोर लावली होती, पुढच्या जाळीत पांढऱ्या फुलांचा हार तसाच!

"मेल्या! मासळीबाजारात फुलं विकतात का रे?" तिनं पातेलं उचललं. "कोणाला आणलंस माझ्या घरात?"

"लोलो इस्कोला," मी म्हटलं. "त्याचीच खुर्ची आहे ना ती?"

थट्टा होती. पण त्याच क्षणी माडीवर काही तरी धपकन पडलं आणि जोनालिन किंचाळली, "आई!"

मी चमचा टाकून जिन्याकडे धावले.

जोनालिन जिन्यात बसली होती, पायाखाली पाणी. दिवस भरायला महिना होता अजून. पेर्ला म्हणाली, "ट्रायसिकल आणा." गल्लीत एकही नव्हती. नेस्तोर हळूच म्हणाला, "अते, गाडी आहे माझी."

"त्या गाडीत? माझी पोर? मी मेले तरी नाही!"

"तू मेलीस तर त्याच गाडीत जाशील," जोनालिन कण्हत म्हणाली. "मला आत्ता ने, आई!"

पेर्लानं अख्खी मिठाची गोणी गाडीत ओतली. शवपेटीच्या जागेवर गादी टाकली, नेस्तोरच्या कॉलरीतसुद्धा मूठभर घातलं. आम्ही निघालो. मागं जोनालिन ओरडत होती, मी तिचा हात धरला होता आणि माझ्या तोंडातून चेष्टेचा एक शब्द फुटत नव्हता. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

पुलाजवळ पेर्ला ओरडली, "थांबव! आधी पाग्पाग!"

"अगं बाई, आत्ता?" मी म्हटलं.

"म्हातारा मागं बसलाय! दवाखान्यात पोचला तर बाळाला घेऊनच जाईल!"

समोर बोयेटचं दुकान होतं. हा गरम पाण्यात पाकिटातल्या शेवया बुडवून त्याला रामेन म्हणतो. पेर्लानं त्याचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता. त्या दिवशी धावत आत गेली, खुर्चीवर बसली, कुणाच्या तरी पुढ्यातला वाडगा ओढला आणि रडत रडत खाल्ला. कोपऱ्यात बघून म्हणाली, "लोलो, तुम्ही बसा इथं. हात जोडते. नातवंडासारखी आहे हो तुमच्या." बोयेट गल्ल्यामागं लपला. मी गाडीतून ते बघत होते, आणि खरं सांगते, मीसुद्धा त्या कोपऱ्याकडे हात जोडले.

पुढं दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीचा बंद दरवाजा. आत शांतता. इतकी शांतता की नेस्तोरनं डोक्यावरची टोपी काढली. पेर्लानं त्याला कोपर मारलं, "घाल ती परत! कोण मेलंय इथं?"

मग आतून रडणं आलं. बारीक, पण चिडलेलं.

पेर्ला भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बोयेटच्या शेवयांत मीठच नव्हतं गं."

आता जोनालिनची पोर रांगायला लागलीय. मयताहून आलेल्यांना पेर्ला स्वतः बोयेटचा रस्ता दाखवते. पण परवा मी रामेन खात बसले होते, तर पोर कोपऱ्यातल्या लोलो इस्कोच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून खुदकन हसली. पेर्लाचा हात पातेल्याकडे गेला.

पोर पुन्हा हसली.

पेर्लानं मूठ उघडली, मीठ परत पातेल्यात सोडलं. मग एक वाडगा भरला आणि त्या खुर्चीपुढं नेऊन ठेवला.

"बोयेटकडचं कुणाला आवडणार म्हणा," ती पुटपुटली.