काकीच्या वाटणीची वजडी

वच्छलाचा डोळा लागतो आणि उघडतो, लागतो आणि उघडतो. हातांना वास आहे.

चार वेळा धुतले. राखेनं, लिंबानं, मातीनं, शेवटी भाचीच्या गुलाबी साबणानं. आता बोकडाच्या पोटातल्या शेणाचा आणि गुलाबाचा मिळून असा वास येतोय की नुसतं शेण परवडलं असतं.

मे महिन्याची दुपार. वेल्ह्याच्या वर डोंगराच्या कुशीत तिचं माहेर. देवीच्या जत्रेला म्हणून ती हडपसरहून आलीय. पडवीत बापे उताणेपालथे पडून घोरतायत. मिशांना रस्सा तसाच.

वजडी, म्हणजे बोकडाची आतडी नि कोथळा, साफ करायचं काम या घरात हौसाकाकीचं. चाळीस वर्षं. काकी जाऊन तीन वर्षं झाली. मधे शेजारची एक बाई यायची, यंदा तिनं पाय मागं घेतला. भावजय शेवंता माळकरी, ती मटणाच्या पातेल्याला चिमट्यानंही शिवत नाही. मग धाकटा भाऊ तुळशीराम म्हणाला, आक्का काकीच्याच हाताखाली वाढलीय की. सगळे हसले. आणि वच्छलाला, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

दिवस कलला की काकीच्या नावानं पान ठेवायचं. पानावर वजडी, कारण काकीला वजडीचा भारी सोस. साऱ्या गावाला ठाऊक आहे ते. आज जेवताना तुळशीरामनं पुन्हा सांगितलं, की म्हातारी आपल्या वाटणीची वाटी घेऊन चुलीमागं जाऊन बसायची, आणि बाहेर यायची तेव्हा वाटी लखलखीत.

वच्छला खाली मान घालून जेवत राहिली.

डोळा लागतो.

ओढ्यात आतडं पसरलंय. त्याला टोक नाही. काकी कातळावर बसलीय, लुगडं गुडघ्यावर खोचून, आणि काठीवर आतडं उलटं करतेय. उशीची खोळ उलटी करावी तसं.

"तू गेलीस ना गं काकी?"

"गेले की. म्हणून काय काम सुटतंय?"

पाणी वाहत नाही. हिरवं होतंय, दाट होतंय, त्यावर बुडबुडे येतायत, आणि ते पाणी

चुलीवर रटरटतंय. धूर. वच्छला सात वर्षांची आहे, परकराचा नाडा तोंडात. काकी वाटी पुढं करते. खा, म्हणते. वच्छला खाते. टॉवेलच्या तुकड्यांसारखी वजडी, एका बाजूनं गुळगुळीत, एका बाजूनं लवदार. चावली तरी तशीच राहते. तिला ती आवडते. फार आवडते. हनुवटीवरनं तेल ओघळतं ते ती बोटानं पुसून चाटते.

काकी भिंतीकडं तोंड करून बसलीय. नाकाला पदर.

"काकी, तू का नाही खात?"

"तू आटप. वाटी चाटून दे. सासू बघती."

मग काकी भिंतीलाच सांगत बसते, हळू आवाजात, की वजडी धुणारीनं किळस धरली तर देवीला निवद पोचत नाही, असं सासूनं पहिल्याच जत्रेला बजावलं होतं. तेव्हापासून ती मिटक्या मारायला शिकली. रिकाम्या तोंडानं.

"आता पानावर ठेवतात, त्याचं काय करतेस?"

"कुत्रं येईस्तोवर समोर बसायचं. दुसरं काय." काकी वळते. तिचे गाल फुगलेत. "मला सांगता येत नाही. आन् ठावं फकस्त तुला."

वच्छला वाटी पाठीमागं लपवते. पन्नास वर्षांची आहे ती आता, आणि तोंडात अजून घास आहे, आणि तो गोड लागतोय. तिला स्वतःचीच शिसारी येते. चूल घरघरते, गचका देते, आणि

एसटी घाट चढतेय. सगळ्या बाकांवर बापे झोपलेत, मिशांना रस्सा. वळण. पुन्हा वळण. काकी खिडकीशी आहे, पण खिडकीच्या जागी चुलीमागची भिंत.

"खिडकी उघड गं."

भिंत कशी उघडणार. काकी तोंडावर हात दाबते. चाळीस वर्षं गिळतेय, म्हणते बोटांमधून, कुठंतरी सांडू दे.

वच्छला सरकते. लांब, बाकाच्या कडेला, साडी आवरून. तिनंच लहानपणी याच घाटात काकीच्या अंगावर किती वेळा

सरकते तरीही.

मग वळण येतं, आणि काकी नुसती बघते. वच्छला पदराची ओटी करते, देवीपुढं पसरतात तशी, आणि तोंड फिरवत नाही.

गरम. आंबूस. खूप वेळ.

"बरं वाटलं बाई," काकी म्हणते. तोंड पुसते आणि चालत्या गाडीतनं उतरून जाते.

"आक्का, ऊठ. पान वाढायचंय."

ऊन समोरच्या डोंगरावर चढलंय. तुळशीराम वाटी घेऊन उभा आहे, वजडीनं शीग लावलेली. काकीसाठी मुद्दाम मऊ मऊ वेचून काढलीय म्हणतो.

"ती ठेवू नको," वच्छला म्हणते. "काकीला वजडीची किळस यायची. जन्मभर. तिच्या वाटणीची मी खायचे."

तो हसतो. झोपेत आहेस का, विचारतो. वाटी लखलखीत असायची ती काय मग...

"मी चाटायचे. तेव्हा पण मला माहीत होतं."

त्याचं हसू तिथंच राहतं. तो हातातल्या वाटीकडं बघतो, मग ती खाली ठेवतो, अंगापासून लांब, आणि हात धोतराला पुसतो.

शेवंता दारात येते आणि थबकते. वच्छलाच्या मांडीवरनं, पदराच्या ओटीतनं, सारवलेल्या जमिनीवर पिवळं पाणी ठिबकतंय.

"वन्सं, उलटी झाली का तुम्हाला?"

वच्छला दातांवरनं, टाळूवरनं जीभ फिरवते. तोंडात दुपारच्या सुपारीची चव. बाकी काही नाही. ओटीतलं मात्र अजून गरम आहे.