फोटोतला फ्रिज

एका खासगी विद्यापीठाने फी-सवलतीच्या अर्जासोबत घराचे फोटो मागितले होते. आई अंगणवाडीत मदतनीस. सकाळपासून तिने नाशिकरोडचं आमचं दोन खोल्यांचं घर घासून काढलं, मांडणीवरची भांडी चमकवली, पलंगावर ठेवणीतली चादर अंथरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, निदान फ्रिज तरी झाक. सवलत मिळायची नाही."

"का म्हणून? माझ्या कमाईचा आहे तो," आई म्हणाली आणि पदर सावरून फ्रिजशेजारीच उभी राहिली. मी तोच फोटो पाठवला.

मुलाखतीत एका सरांनी तो माझ्यासमोर धरला. "घर तर चांगलं दिसतंय."

माझं डोकं सणकलं, पण आवाज चढवला नाही.

"चांगलंच आहे, सर. फी तेवढी झेपत नाही."