कान नॉर्मल

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये मी चौदा वर्षं क्रेन चालवली. तिथल्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो. मूठ वर केली की थांब, बोटं हलवली की खाली सोड. कुणी कानात कापूस घातला की आम्हीच त्याला चिडवायचो, अत्तराचा फाया लावून कुणाच्या लग्नाला निघालास म्हणून. त्या चिडवण्याची आज लाज वाटते.

मागच्या वर्षी आखातात क्रेनचंच काम मिळालं. पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची चिंता मिटणार होती. मी मिलचं काम सोडूनही दिलं. वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती, त्यासाठी मुंबईला गेलो. रक्त, छाती, डोळे, सगळं बराबर निघालं. मग काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई त्यांच्या यंत्राचं बटण दाबत होत्या. त्यांचा खांदा हलला की मीही दाबत होतो. फसवायचं मनात नव्हतं, हातांकडं बघून काम करायची सवयच पडलेली. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली.

त्यानंतर मी नुसताच बसून राहिलो. मला वाटलं, मशीन बंद पडलं.

डॉक्टरांनी 'अनफिट' लिहिलं. हा बहिरेपणा मोठ्या आवाजामुळं आलाय, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, असं ते सांगत होते. माझं डोकं फिरलं होतं, पण त्यांच्यावर नव्हे.

जालन्यात उतरलो तो थेट मिलच्या ऑफिसात. रिपोर्ट सुपरवायझरच्या टेबलावर आपटला. म्हणालो, "साहेब, हे तुमच्या मिलनं केलंय."

त्यानं कपाटातून फाइल काढली. आमची तपासणी दरवर्षी व्हायची, म्हणजे एक डॉक्टर यायचा, बीपी बघायचा आणि रांगेनं सह्या घ्यायचा. माझे कान कुणी कधीच तपासले नव्हते. पण प्रत्येक कागदावर 'कान नॉर्मल' छापलेलं होतं आणि खाली माझी सही.

"तूच लिहून देल्तं ना," तो म्हणाला. "तिकडं चालत न्हाई तर न्हाई. इथं चालतंय. उद्यापासून ये."

परत घ्यायचं म्हणून त्यानं नवा फॉर्म पुढं सरकवला. त्यावरही तेच छापलेलं. ते खोटं आहे हे आता त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याची गचांडी धरावी असं वाटलं. मी पेन मागितलं.