एका पिंपावर तीन माणसं

पिंपवालीच्या अंगणात एक सिमेंटचा हौद होता आणि रोज सकाळी त्या हौदापाशी झटापट चालायची. तेलाची, रंगाची रिकामी लोखंडी पिंपं ती विकत घ्यायची, आतून धुवायची, पोचे ठोकून सरळ करायची आणि पुन्हा विकायची. विकण्याआधी पिंप कुठे गळत तर नाही ना, हे बघावं लागतं. बुचं आवळायची, पिंप पाण्याखाली दाबायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. सांगायला सोपं. पण रिकामं पिंप पाण्याखाली जायला काही केल्या राजी नसतं. तिचे दोन हमाल, लठ्ठ्या आणि काटकुळ्या, त्याच्यावर चढून बसत. तरी त्याची पाठ पाण्याबाहेरच. मग बाह्या सारून पिंपवाली स्वतः चढे. तिसरं माणूस बसलं की पिंप मुकाट्याने खाली जाई.

तीस वर्षं हा उद्योग चालला होता. नवरा गेला तेव्हा मागे सात पिंपं, एक हातोडा आणि भाड्याचं अंगण एवढंच होतं. लोक म्हणाले, बाईमाणसाला हे जमायचं नाही. तिने हातोडा उचलला. शाळा चौथीपर्यंत. पण कुठलं पिंप कशाचं होतं हे ती वासावरून सांगे, आणि टिचकी मारून पत्रा किती उरलाय ते सांगे. बूच आवळायची चावी कायम कमरेला दोरीने बांधलेली. तिचा एकच कायदा होता, पिंपाचं तोंड उघडं ठेवायचं नाही. पाणी शिरतं, गंज धरतो. काटकुळ्या एकदा बूच लावायला विसरला तेव्हा तिने त्याला सुनावलं होतं, "उघड्या तोंडाचं पिंप आणि उघड्या तोंडाचा माणूस, दोन्ही आतून सडतात. तू दोन्ही आहेस."

गुरुवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ अंगणात येऊन हौदाच्या कठड्यावर बसला. तो नावाडी. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी लोखंडी होडी त्याची.

"ताई, होडी गेली."

"कुठे गेली?"

"खाली."

तळाचा पत्रा गंजला होता. ठिगळ मारायचं तो दोन महिने उद्यावर ढकलत होता. बुधवारच्या रात्री धक्क्याला बांधलेली होडी सकाळी दिसेना. नुसता दोर ताणलेला, सरळ पाण्यात गेलेला. दीड पुरुष पाण्यात ती चिखलावर बसली होती. धक्क्याच्या साहेबांनी कागद हातात दिला होता: धक्क्याला अडथळा होतो, शनिवारी सकाळपर्यंत काढा, नाहीतर कापून भंगारात. क्रेन आणावी तर धक्क्याकडे जाणारी गल्ली हातगाडीपुरती. भंगारवाला तर येऊन पाण्यात डोकावूनही गेला होता.

"तो काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणाला, तीन टन भरेल."

"तीन टन म्हणजे साठ किलोची पन्नास माणसं."

"ताई, माझी होडी बुडालीय आणि तू माणसं कसली मोजतेस?"

पिंपवालीने हौदाकडे बघितलं. लठ्ठ्या आणि काटकुळ्या पिंपावर बसून तिची वाट बघत होते.

"तीन माणसं बसल्याशिवाय एक पिंप बुडत नाही," ती म्हणाली. "म्हणजे पिंप पाण्यात असलं की तीन माणसांना वर ढकलतं. पन्नास माणसांना सतरा पिंपं. चिखल धरून ठेवेल, म्हणून अठरा."

"लोखंडाला लोखंड बांधून वर येतं होय?"

"लोखंड कधीच तरंगत नव्हतं रे. तुझ्या होडीचं रिकामं पोट तरंगत होतं. ते जेवढं पाणी बाजूला सारत होतं, तेवढा भार पाणी तोलत होतं. पोटात पाणी शिरलं, मग उरला नुसता पत्रा. आता पोट नाही, तर बाहेरून पोटं बांधू."

"आणि रिकामी अठरा पिंपं खाली न्यायची कशी? एकेकावर तीन माणसं बसवून?"

"रिकामी न्यायचीच नाहीत. पाण्याने भरून न्यायची, दगडासारखी जातात. खाली बांधायची, मग आत हवा सोडायची. हवा पाण्याला हुसकून लावेल."

नावाड्याने डोकं खाजवलं. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात."

"काडीने काय होतंय. पिंप घे."

शुक्रवारी उजाडताच दोन हातगाड्यांवरून अठरा पिंपं धक्क्यावर आली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने आपलं हवेचं यंत्र आणलं, लांब नळीसकट. पिंपाच्या एकाच बाजूला दोन भोकं असतात, एक मोठं, एक लहान. पिंपवालीने नदीच्या पाण्याने एकेक पिंप मोठ्या भोकातून भरून दिलं. लहान भोक नळीसाठी ठेवलं. नावाडी आणि काटकुळ्या, दोघं पट्टीचे पोहणारे, श्वास रोखून पिंपं खाली नेऊ लागले आणि भोकं तळाकडे ठेवून, उपडी, होडीच्या कडांना बांधू लागले. नऊ डावीकडे, नऊ उजवीकडे. पिंपवालीला पोहता येत नव्हतं. ती पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहून दोर सोडत होती.

दुपार झाली. साहेब छत्री घेऊन आले, धक्क्यावर जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या नाही म्हणून सांगतो. अशी कामं आकडेमोड करून करतात."

"केलीय की," पिंपवाली म्हणाली. "तीनच्या पाढ्याने."

धक्क्यावर हशा पिकला. साहेब हसले नाहीत.

यंत्र सुरू झालं. नावाडी नळी घेऊन खाली गेला आणि लगेच वर आला. "आत जात नाही. नळी बाहेर फेकतंय."

"जोर लाव."

पुन्हा गेला. बुडबुडे उठले, पण होडीच्या बाजूने. हवा पिंपात न जाता थेट वर येत होती. दुसरं पिंप, तिसरं पिंप, तीच तऱ्हा. तासाभराने नावाड्याचे ओठ निळे पडले.

"तुझं यंत्र मेलंय," पिंपवाली पंक्चरवाल्यावर उखडली. "सायकलच्या ट्यूबा फुगवण्याच्या लायकीचं, आणि नदीवर घेऊन आलास."

पंक्चरवाला शांत माणूस. त्याने नळी स्वतःच्या तळहातावर धरली. हात मागे उडाला. "मावशी, यंत्र जिवंत आहे. तुमचं पिंप बघा."

"माझ्या पिंपात काय बघायचं? तीस वर्षं..."

ती थांबली. हात कमरेच्या चावीवर गेला होता. ती चावी ओली होती. पिंपवाली तिच्याकडे बघत राहिली. सकाळपासून एकेक पिंप भरल्यावर आपण काय केलं, ते तिला आठवेना. आणि आठवेना म्हणूनच कळलं. हाताने आपणहून केलं होतं. पिंप भरलं की मोठं बूच लावायचं, चावी फिरवायची, घट्ट. अठराच्या अठरा.

हवा आत जाणार कशी? पाण्याला बाहेर जायला दारच नव्हतं.

साहेब घड्याळ बघत होते. नावाडी पायरीवर कुडकुडत होता आणि लठ्ठ्या त्याला समजावत होता, की नळीलाच भोक असणार. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. चार लोक यंत्राला नावं ठेवून घरी गेले असते, आणि सकाळी होडी कापली गेली असती.

"यंत्र चांगलं आहे," पिंपवाली मोठ्याने म्हणाली. "चूक माझी. बुचं मी आवळून ठेवलीत."

"सगळी?" नावाड्याने विचारलं.

"सगळी."

"ताई, दिवसभर आम्ही..."

"हो. नंतर बोल काय बोलायचं ते. आता ऐक." तिने दोरी सोडून चावी त्याच्या मनगटाला बांधली. ती चावी दुसऱ्याच्या हाती तिने कधी दिली नव्हती. "फक्त मोठं बूच काढ. लहान भोकातून हवा, मोठ्यातून पाणी. मोठ्यातून बुडबुडे यायला लागले की पिंप रिकामं झालं, पुढच्याला जा. आणि एक डावं, एक उजवं असं घे, नाहीतर होडी कुशीवर वळेल."

काटकुळ्या पाण्यात शिरता शिरता म्हणाला, "मावशी, उघड्या तोंडाचं पिंप..."

"जा रे खाली."

पहिल्या पिंपातून गढूळ पाण्याचा लोट बाहेर पडला, तो वरूनही दिसला. डावं, उजवं, डावं, उजवं. बाराव्या पिंपापर्यंत काही झालं नाही. पंधराव्या पिंपाच्या वेळी होडीचा धक्क्याला बांधलेला दोर सैल पडला आणि पुन्हा ताणला गेला. सतरावं रिकामं झालं तरी होडी जागची हलेना. साहेबांनी छत्री मिटली.

"चिखल सोडत नाहीय," नावाडी धापा टाकत म्हणाला.

"अठरावं राहिलंय ना? त्यात हवा भर. मग दोघंही बाहेर या, लांब. सुटली की एकदम येईल."

अठराव्यात हवा भरली. दोघं पायरीवर आले. नदी तशीच वाहत होती. मग लठ्ठ्याने आणि आणखी चौघांनी दोर धरून होडीचं नाक एका अंगाला हिसडलं, एकदा, दोनदा. चिखलातून पाय निघतो तसा खोल, ओला आवाज आला. पाण्यावर काळा चिखल पसरला आणि त्यातून पिंपांच्या पाठी वर आल्या, डुलल्या आणि स्थिर झाल्या. त्यांच्या मधोमध होडीची कड, चार बोटं, शेवाळलेली.

पंक्चरवाल्याने यंत्र बंद केलं, तेव्हा किती शांत आहे ते कळलं.

ऊन कलेपर्यंत बादल्यांनी उपसा चालला. तळातलं भोक तळहाताएवढं निघालं. रबराचा तुकडा आणि लाकडी पाचर ठोकून तात्पुरतं बुजवलं. पोट रिकामं होत गेलं तशी होडी आपली आपण वर आली. शेवटी पिंपांचे दोर सैल लोंबायला लागले.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "तुमचा पाढा बरोबर निघाला," ते म्हणाले.

"पाढा सकाळीही बरोबरच होता," पिंपवाली म्हणाली. "हात चुकला."

नावाड्याने मनगटावरची चावी सोडून तिच्यापुढे धरली. "वेल्डरला उद्या सकाळी बोलावतो."

"उद्या?"

तो वेल्डरकडे निघाला, ओल्या कपड्यांनिशी.

अठराही पिंपं संध्याकाळच्या आत अंगणात परत आली. पिंपवालीने ती उपडी करून निथळत ठेवली आणि चहा घेतला. मग चावी आणि बुचांची पिशवी घेऊन ओळीने बुचं आवळायला निघाली आणि पहिल्या पिंपापाशी थांबली. आत अजून ओल होती. तिने हातातलं बूच पुन्हा पिशवीत टाकलं, आणि त्या दिवशी अठरा पिंपं उघड्या तोंडाने वाळत राहिली.